एकाच नावाच्या तिघी

नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा आपापल्या वयाप्रमाणे त्या नावाला एक चेहरा चिकटवून मोकळा होईल आणि पुढची सगळी गंमत जाईल. एवढंच सांगते, की नाव बाईचं आहे, साधं आहे, आडनावही दर तिसऱ्या गल्लीत सापडेल असं आहे. आणि त्याच नावाआडनावाच्या तीन बायका वेगवेगळ्या काळात प्रसिद्ध झाल्या. हे तीन प्रकारचं प्रसिद्ध होणं एका संध्याकाळी अमेरिकेतल्या, अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटाच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, एकमेकांवर आदळलं.

बाबा त्या उन्हाळ्यात कराडहून आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. सबस्टेशनवर ड्युटी, सोबतीला रेडिओ. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी घरामागच्या लाकडी डेकवर बसायचं, शेजारच्या लॉनवर पाणी मारणाऱ्या यंत्राकडे बघायचं, दुपारी झोपायचं. चालत जाऊन भाजी आणावी म्हटलं तर दुकान पाच मैलांवर. "तुमच्याकडे रस्ते इतके छान आहेत," ते एकदा म्हणाले, "पण त्यावर माणूस काही दिसत नाही." तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. त्यांचा स्वभावच तसा.

तर त्या संध्याकाळी आम्ही चौघं जेवत होतो. आमच्या मराठी ग्रुपचा मेसेज आला आणि मी तो मोठ्याने वाचला. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला खुद्द अमुक अमुक येणार, सीट लवकर बुक करा. फोटो नव्हता, नुसतं नाव.

बाबांचा घास हातातच राहिला. "काय सांगतेस!"

माझ्या लेकीने कानातला इअरफोन काढला. "नो वे! आई, आर यू सीरियस?"

मलाही मनापासून आनंद झाला होता. कॉलेजात असताना तिची सीरियल मी एकही भाग न चुकवता बघितली होती.

"म्हणजे अजून कार्यक्रम करतात?" बाबांनी विचारलं.

"ऑफ कोर्स करते, आजोबा. ती सगळीकडे असते."

"या वयात!"

"वयाचं काय हो बाबा," मी म्हणाले, "अजून तशीच दिसते. काल-परवाच तिचा फोटो बघितला."

"दिसण्याचं राहू दे गं. आवाज! आवाज टिकवणं सोपं नाही."

"हो ना, तिचा आवाज सो फनी आहे," लेक म्हणाली.

बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "फनी?"

"म्हणजे ती जेव्हा तिच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा आवाज काढते ना, आजोबा, तुम्ही मरून जाल हसून."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी लेकीकडे. आता मलाही काहीतरी घोळ वाटायला लागला, कारण माझ्या सीरियलमध्ये ती सात वर्षं नुसती रडत होती. माझा नवरा नागपूरचा. जेवताना तो सहसा मान वर करत नाही. त्याने ती केली आणि विचारलं, "एक मिनिट. तुम्ही तिघं एकाच बाईबद्दल बोलून राहिले का?"

मग उलगडा झाला. बाबांची ती गायिका होती, त्यांच्या तरुणपणी रेडिओवर जिची भावगीतं लागायची ती. माझी ती सीरियलमधली नायिका. आणि लेकीची ती पंचविशीतली मुलगी, माईक हातात घेऊन स्टेजवर एकटी उभी राहते आणि लोकांना हसवते. जिचे व्हिडिओ पोरं फोनवर एकमेकांना पाठवत असतात. मराठी नीट वाचताही न येणारी माझी मुलगी त्या व्हिडिओंपायी घरात मराठी वाक्यं टाकायला लागली होती, हे मला तेव्हा कळलं. घरात त्या रात्रीपासून तिघींची नावं ठरली. थोरल्या, मधली आणि धाकटी.

दुसऱ्या दिवशी पोस्टर आलं. पिवळे बूट घातलेली मुलगी, हातात माईक. धाकटी.

लेकीने सोफ्यावर उडी मारली. बाबांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि फोन परत दिला. "छान आहे. पोरांना आवडेल असंच असायला हवं," ते म्हणाले आणि डेकवर जाऊन बसले. मधली येणार नाही याचं वाईट मला एकटीलाच वाटत होतं, आणि त्याची विचारपूस कुणीही केली नाही.

मी ग्रुपच्या कमिटीत होते आणि बुकिंगचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवसांनी आमच्या सेक्रेटरीचा फोन आला. मुंबईचा आहे, बोलतो भरभर. "अगं यार, काय जादू झालीये? सगळ्या घरांतून आजी-आजोबांचं बुकिंग येतंय. दरवर्षी जेवणाच्या वेळेला उगवतात, यंदा पहिल्या रांगा मागतायत."

"त्यांनी पोस्टर नाही का बघितलं?"

"बघितलं ना. ती मुलगी निवेदिका असेल असं वाटतंय त्यांना."

अटलांटाच्या आसपास मुलांकडे राहायला आलेले आईवडील किती असतात, हे एरवी लक्षात येत नाही. ते दिवसा घरात असतात आणि आपण ऑफिसात. ती सगळी मंडळी आता थोरल्यांना ऐकायला निघाली होती. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांचा हिरमोड व्हायच्या ऐवजी आधीच सांगावं असं कमिटीत ठरलं आणि फोन करायचं काम माझ्या गळ्यात आलं.

शनिवारी सकाळी मी फोन घेऊन बसले. पहिलेच काका वकिली थाटाचे निघाले.

"मुलगी गोड आहे, पण बाई कधी येणार?"

"काका, हीच ती. तिचंच नाव ते."

"हीच ती कशी असेल? मी त्यांना सोलापुरात समोर बसून ऐकलंय!"

"काका, नाव एकच आहे, माणसं दोन आहेत."

"मग हिने नाव बदलायला हवं. त्या आधी आल्यात."

एका काकूंनी सरळ कॅन्सल करायला सांगितलं. दुसऱ्या काकू म्हणाल्या, "मेलं मला वाटलंच! पण मी येते गं. घरात बसून काय करू? जावई गोल्फ लावून बसतो. त्यापेक्षा ही पोरगी काय ते बोलेल ते ऐकू." पण बरेच जण "बघतो, कळवतो" म्हणाले. त्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

बाबा शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचल्यासारखं करत होते. पेपर तीन महिन्यांपूर्वीचा, कराडहून चकल्यांना गुंडाळून आलेला. सातवा-आठवा फोन झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला.

"त्यांना कॅन्सल करू देऊ नकोस. अर्धा तास मागून घे."

"कुणाकडून?"

"तुमच्या ग्रुपकडून. धाकटीच्या आधी अर्धा तास थोरल्यांची गाणी. आम्ही म्हणू."

"आम्ही म्हणजे कोण, बाबा?"

"ते बघतो मी. ते नंबर दे इकडे."

माझे बाबा अनोळखी माणसाला आपणहून फोन करणाऱ्यातले नव्हेत. आईच्या हयातीत नातेवाइकांचे फोनसुद्धा तीच करायची. हे मागून "मीही विचारलंय म्हणून सांग" एवढंच म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत सगळे फोन संपवले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "नमस्कार. तुमची मुलगी मराठी ग्रुपमध्ये आहे ना, तिच्या मैत्रिणीचा मी बाप. तुम्हाला गाता येतं का? ...नाही कसं? आंघोळ करताना तरी म्हणत असालच."

माणसं मिळाली. जवळच्या कमिंग गावात मुलाकडे आलेले नागपूरचे एक काका पेटी वाजवायचे. मुलाने त्यांना इथे पेटी घेऊन दिली होती, पण ऐकायला कुणी नव्हतं. तबल्याला बडोद्याच्या एक मावशी. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या. "तबला कुठे शिकलात?" असं विचारलं तर म्हणाल्या, "भावाला शिकवायला गुरुजी यायचे. भाऊ पळून जायचा. गुरुजींना चहा होईपर्यंत कुणालातरी शिकवावंच लागायचं." गाणारे सहा-सात जण. सोलापुरात समोर बसून ऐकलेले वकिली काकाही आले, आणि चाल कुठे चुकते ते सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

तालमी पेटीवाल्या काकांच्या बेसमेंटमध्ये, आठवड्यातून दोनदा, दुपारी. आम्ही दोघं ऑफिसात. म्हणून शाळा सुटल्यावर बाबांना तिथे सोडायचं काम लेकीकडे आलं. तिला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि गाडी चालवायला मिळणार म्हणून ती चंद्रावरही सोडायला तयार झाली असती. दोघांनी आपापसात करार केला: जाताना आजोबांची गाणी लागणार, येताना धाकटीचे व्हिडिओ.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर दोघंही माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

"आई, आजोबांनी मला पार्किंगमध्ये गाडीतून उतरूच दिलं नाही. कडवं संपायचं होतं म्हणे. मला बाथरूमला जायचं होतं!"

"आणि ती तुझी धाकटी," बाबा म्हणाले, "काय बोलते ते कळायच्या आत लोक हसतात. मग मी हसायचं ठरवतो, तोवर ती पुढे गेलेली असते."

लेक मग त्यांना विनोद समजावून सांगायला लागली. समजावलेला विनोद मरतो असं म्हणतात. इथे उलटंच झालं. ही आपल्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत, हातवारे करत, 'वर्गणी' म्हणजे काय ते आधी स्वतः मला फोन करून विचारून, मग आजोबांना समजावणार. आणि आजोबा विनोदाला न हसता तिच्या समजावण्यालाच हसणार. एकदा धाकटीचा एक तुकडा निघाला: तिची आई व्हिडिओ कॉल करते, तेव्हा फोन कानाला लावते, त्यामुळे मुलीला पडद्यावर फक्त कान दिसतो, आणि मग आई विचारते, "अगं, तू दिसत का नाहीस?" बाबा म्हणाले, "हे हिला कुणी सांगितलं?" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कारण आई गेल्यावर वर्षभर मी त्यांच्याशी बोलले ते त्यांच्या डाव्या कानाशीच.

बाबांनी स्वतःसाठी शेवटचं गाणं ठेवलं होतं. माहेरी न्यायला आलेल्या भावाला बहीण दारातच विचारते, इतका उशीर का केलास रे, असं काहीसं ते गाणं. बाबांचा त्या गाण्यावर जीव. तरुणपणी सबस्टेशनवर एकटे असताना ते रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढे लग्न झाल्यावर कळलं की आईलाही तेच पाठ आहे. आमच्या घरात ते इतक्यांदा म्हटलं गेलं की मलाही येतं. "थोरल्यांनी दुसरं काही गायलं नसतं तरी चाललं असतं," असं बाबा नेहमी म्हणायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी धाकटी आली. ती आमच्याकडेच उतरणार होती, म्हणून मी, बाबा आणि लेक तिला आणायला एअरपोर्टवर गेलो. बाबांनी पुठ्ठ्यावर तिचं नाव देवनागरीत, सुबक अक्षरात लिहून आणलं होतं आणि तो पुठ्ठा ते छातीशी धरून उभे होते. व्हीलचेअरवरून बाहेर येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी तो वाचला आणि ढकलणाऱ्याला हातानेच थांबवलं.

"अगंबाई! त्या येतायत?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "त्याच नावाची दुसरी. पण ही पण चांगली आहे."

लेकीने हे ऐकून माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

धाकटी बाहेर आली तेव्हा आधी ओळखूच आली नाही. व्हिडिओत केवढी वाटते, आणि प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढी. पाठीवर तिच्याहून मोठी सॅक. तिने पुठ्ठा बघितला, वाकून बाबांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, खरं सांगा. तुम्ही त्यांची वाट बघत होतात ना?"

"नाही, नाही," बाबा गडबडले.

"अहो, सगळे बघतात. मला सवय आहे."

घरी येईपर्यंत तिने सगळी कथा सांगितली. लहानपणी इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं की तानपुरा घेतलेल्या एका बाईंचा काळापांढरा फोटो यायचा. तिला वाटायचं, आपण मोठेपणी अशा दिसणार. पुढे तिचं नाव व्हायला लागलं, तेव्हा एका वर्तमानपत्राने तिच्या कार्यक्रमाची बातमी छापली आणि वर फोटो छापला थोरल्यांचा. दुसऱ्या दिवशी तिला फोन आला. "मी अमुक अमुक बोलतेय. आणि तू पण म्हणे अमुक अमुक. काल माझ्या नातवाने विचारलं, आजी, तू स्टेजवर शिव्या देतेस?" ही घाबरून पेढे घेऊन त्यांच्या घरी गेली, आणि तेव्हापासून येत-जात राहिली.

"म्हणजे त्या..." बाबांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"एकदम ठणठणीत! पंच्याऐंशी पार केलीय, पण सकाळी चहाच्या आधी सूर लावतात. मी त्यांना आजीच म्हणते. उद्या फोन लावू या?"

माझी बडबडी लेक, जी महिनाभर धाकटीचं एकेक वाक्य घोकत होती, ती त्या सबंध प्रवासात चकार शब्द बोलली नाही. घरी पोचल्यावर तिने फक्त "डू यू वॉन्ट वॉटर?" एवढंच विचारलं आणि आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थालीपिठं लावत होते. धाकटी ओट्याशी उभी राहून गरम गरम खात होती. तिकडे संध्याकाळ झालेली. तिने फोन लावला आणि टेबलावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी पडद्यावर एक पंखा दिसला, मग कपाळ, मग कुणीतरी मागून फोन सरळ केला आणि पांढऱ्याशुभ्र केसांच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई दिसल्या.

बाबा ताडकन उभे राहिले.

"बसा हो, उभे कशाला?" थोरल्या म्हणाल्या. आवाज खरंच टिकला होता. "ही सांगत होती, माझी गाणी म्हणताय म्हणे आज."

बाबा बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलायला लागले. सबस्टेशन, रेडिओ, आई, सगळं एका दमात. शेवटी त्यांनी त्या गाण्याचं नाव घेतलं. "तुमचं ते एक गाणं नसतं, तर माझा संसार एवढा गोड झाला नसता, बाई."

थोरल्या फोनजवळ वाकल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"कुठलं म्हणालात?"

बाबांनी पहिली ओळ गाऊनच दाखवली.

"अहो," थोरल्या हळूच म्हणाल्या, "ते माझं नाही."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. बाबांचा चेहरा मला बघवेना.

"ती माझ्या बरोबरीची होती रेडिओवर," थोरल्या सांगत होत्या. "आवाज थोडा माझ्यासारखा. दोन-तीन गाणी गाजली तिची, पुढे लग्न झालं आणि गाणं सुटलं. लोक तेव्हापासून ती गाणी मलाच चिकटवतात. मी पुष्कळ वर्षं सांगत राहिले, माझं नाही हो, तिचं आहे. मग कंटाळले. सभेत हार घालून कुणी म्हणालं, तर किती वेळा नाही म्हणायचं?"

आणि मग बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. "साठ वर्षं!" ते म्हणाले. "साठ वर्षं चुकीच्या बाईचे आभार मानतोय मी!" पलीकडे थोरल्याही हसायला लागल्या, मग धाकटी, मग आम्ही सगळेच. एक थालीपीठ करपलं.

हसणं ओसरल्यावर बाबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "त्यांचं नाव काय?"

थोरल्यांनी सांगितलं. बाबांनी ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "शेवटचं ऐकलं तेव्हा इचलकरंजीला होती मुलाकडे," थोरल्या म्हणाल्या. "आणि गाणं म्हणाच तुम्ही आज. फक्त तिचं नाव घेऊन म्हणा." लेकीने लगेच फोनवर ते नाव शोधलं. काहीही निघालं नाही. फोटो नाही, माहिती नाही. ज्या जगात तिला सगळं सापडतं, तिथे ही बाई नव्हतीच, आणि याचं तिला भारी आश्चर्य वाटलं.

दुपारी शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पुढच्या रांगांत पैठण्या आणि जाकिटं, मागच्या रांगांत हुडी घातलेली पोरं, मध्ये आम्ही, डब्यांची आणि पार्किंगची काळजी करणारे. पेटीवाल्या काकांनी सूर धरला तेव्हा मागून थोडी चुळबूळ झाली. पण मावशींनी तबल्यावर असा काही ठेका धरला की पोरांनी फोन बाहेर काढले, आणि बघता बघता प्रत्येकजण आपापल्या आजीचा नाहीतर आजोबांचा व्हिडिओ घ्यायला लागला. वकिली काका एका गाण्यात चाल चुकले आणि बाकीच्यांनी त्यांना ज्या आनंदाने सावरून घेतलं, तो बघण्यासारखा होता.

शेवटी बाबा उठले. "हे गाणं आम्ही सगळे ज्यांचं समजतो, त्यांचं ते नाही," ते म्हणाले. "आज सकाळी खुद्द त्यांनीच मला हे सांगितलं." पुढच्या रांगेतून "काय?" असा मोठ्ठा आवाज आला. मग बाबांनी ते दुसरं नाव घेतलं. सावकाश, आडनावासकट. हॉलमध्ये कुणालाही ते माहीत नव्हतं. पुढच्यांना नाही, मागच्यांना तर नाहीच. निदान त्या बाबतीत सगळ्या पिढ्या एका पातळीवर आल्या. बाबा गायले. आवाज थरथरला, पण सूर सुटला नाही.

मग धाकटी आली, आणि तिने पुढच्या रांगेकडे बघत पहिलंच वाक्य टाकलं, "मी निवेदिका नाही." पाऊण तास हॉल हसत होता. कॅन्सल करा म्हणालेल्या काकू शेवटी आल्याच होत्या, आणि त्या खुर्चीचा हात धरून हसत होत्या. सासूबाईंना विनोद कळावा म्हणून कुणी सून भाषांतर करत नव्हती, मागची पोरंच पुढे येऊन विचारत होती, "आजी, व्हॉट डिड शी से? तू का हसलीस?"

त्याआधी, मध्यंतरात वडे वाढताना माझ्याच वयाची एक बाई माझ्या कानाशी आली आणि चाचरत म्हणाली, "मला एक विचारू? ती सीरियलवाली नाही का येणार?" मी हातातला झारा ठेवून तिला मिठी मारली. महिनाभरात भेटलेली मधलीची ती पहिली चाहती. आम्ही आता घट्ट मैत्रिणी आहोत.

डिसेंबरात बाबा कराडला परत गेले. तालमी बंद पडतील असं मला वाटलं होतं, पण बेसमेंटमधली मंडळी आता दर आठवड्याला जमतात. सोडायला-आणायला पोरं जातात, आणि जेवून येतात.

जानेवारीत एका दुपारी बाबा एसटीने इचलकरंजीला गेले. पत्ता नव्हता. नावावरून विचारत विचारत गेले, एका शिंप्याने मुलाचं घर दाखवलं. दार एका कॉलेजातल्या मुलीने उघडलं. बाबांनी सांगितलं, मला तुमच्या आजीला भेटायचंय, त्या रेडिओवर गायच्या.

"आमची आजी?" मुलगी म्हणाली. "तुमचा काहीतरी घोळ झालाय, काका. आमची आजी गात नाही."

आतून आवाज आला, "कोण आलंय गं?"

बाबांनी नंतर आम्हाला फोन करून हे सगळं सांगितलं. लेक आणि मी स्पीकर लावून ऐकत होतो. बाई बुटक्या, गोऱ्या, गुडघ्यांनी थकलेल्या. आधी त्यांना खरंच वाटेना. मग बाबांनी अल्फारेटातला व्हिडिओ दाखवला, त्यात स्वतःचं नाव ऐकल्यावर त्यांनी तो थांबवायला सांगितला आणि पुन्हा लावायला सांगितला. नात दारातच उभी होती. "आजी, तू हे कधी सांगितलंच नाहीस," ती म्हणाली. त्यावर बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही गं."

मग चहा झाला आणि बाईंनी गाणं म्हटलं. दुसरं कडवं त्यांना आठवेना, तेव्हा बाबांनी पहिला शब्द सांगितला, आणि पुढचं त्या म्हणत गेल्या.

"आवाज कसा होता, आजोबा?" लेकीने विचारलं. मराठीत.

"अगं, काय सांगू," बाबा म्हणाले. "थोरल्यांसारखा अजिबात नाही."